व्यवसायाचा रकाना

आमच्या सीमाभागातल्या शाळा मेअखेरीस उघडतात. वळिवाने भिजलेले पटांगण, नव्या वह्यांचा वास आणि कार्यालयाबाहेर प्रवेशासाठी थांबलेले पालक, हे दृश्य मी तीस वर्षे पाहत आलो आहे. दोन वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी माझ्या टेबलासमोर एक बाई आठवीच्या प्रवेशाचा अर्ज भरीत बसली होती. ती आमच्याच शाळेची जुनी विद्यार्थिनी. एस.एस.एल.सी. होऊन शेजारच्या गावी नांदायला गेली आणि आता स्वतःच्या मुलीला घेऊन आली होती. मुलीचे नाव, जन्मतारीख, मातृभाषा, सारे भरून झाले आणि एका रकान्यापाशी तिचे पेन थांबले.

"सर, हितं काय लिहू ओ?"

मी चष्मा सारून पाहिले. 'आईचा व्यवसाय' असा तो रकाना होता.

"तू काय करतेस ते लिही की."

"आशाचं काम करतंय. पर ती नोकरी न्हवं म्हणत्यात. पगार न्हाई, कामापरमाणं मोबदला. कागदावर 'स्वयंसेविका' म्हणून हाय. स्वयंसेविका हा व्यवसाय हुतोय काय, सर?"

मी इतिहासात एम.ए. केले. वर्गात पानिपत शिकवले, प्लासी शिकवली, संस्थानांचे विलीनीकरण शिकवले. त्या प्रश्नाचे उत्तर मला चटकन देता आले नाही. "राहू दे, नंतर भरू," असे म्हणून मी अर्ज बाजूला ठेवला. तिला घाई होतीच. वाटेत एका बाळंतिणीच्या घरी बाळाचे वजन करायचे होते. मात्र तो कोरा रकाना माझ्या डोक्यातून जाईना. आया आणि बाळे यांच्या जिवासाठी झिजलेल्या बायांना आपण आजवर काय म्हणत आलो, त्यांना कोणत्या रकान्यात बसवत आलो, याचा शोध मी घेऊ लागलो. या लेखात मांडले आहे ते त्या शोधात हाती लागलेले थोडेसे.

०००

सुरुवात घरापासून करतो. माझा जन्म १९७० सालचा, खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात, माजघराला लागून असलेल्या अंधाऱ्या बाळंतिणीच्या खोलीतला. मी घरात थोरला म्हणून वाढलो, पण थोरला मी नव्हे. माझ्याआधी चार वर्षे एक मुलगा झाला होता. तो आठव्या दिवशी गेला. आई त्याच्याविषयी फारसे बोलत नसे. एकदाच म्हणाली होती, "पाचवी पुजली, सटवाईपुढं कोरा कागद ठेवला. तिनं काही लिहिलंच नाही त्याच्या कपाळी."

पुढे मोठेपणी तिच्याकडून तुकड्यातुकड्यांनी ऐकले ते असे. मूल चांगले गुटगुटीत होते. सहाव्या दिवशी ते दूध ओढेनासे झाले. मग तोंड मिटले ते उघडेना. अंगाला हात लावला, दार वाजले, की सारे शरीर धनुष्यासारखे ताठ व्हायचे. हा नवजात बाळाचा धनुर्वात. नाळ विळ्याने कापायची आणि बेंबीवर राख किंवा शेण लावायचे, ही त्या काळी गावोगावची रीत. त्यातून रोगाचे जंतू आत जातात आणि आठवडा-दीड आठवड्यात बाळ संपते. आईच्या पोटी सात मुले झाली, चार राहिली. गल्लीत कोणत्याही घरी विचारले तरी असाच दोन आकड्यांचा हिशेब ऐकू यायचा, झाली किती आणि राहिली किती.

दोन्ही खेपेला सुईण एकच. आम्ही मुले तिला सुईणआजी म्हणत असू. पहिले मूल गेले तेव्हा गावाने तिच्या हाताला बोल लावला. त्यानंतर दोनेक वर्षांनी सरकारी दवाखान्यातून सुईणींच्या शिक्षणाचे बोलावणे आले आणि ही निरक्षर बाई रोज पायी जाऊन ते शिक्षण घेऊन आली. येताना तिने एक छोटी पेटी आणली होती. तीत ब्लेड, दोरा, साबण आणि नखे घासायचा ब्रश. हात स्वच्छ, जागा स्वच्छ, ब्लेड स्वच्छ, दोरा स्वच्छ आणि नाळ स्वच्छ, म्हणजे तिच्यावर काही लावायचे नाही, असा पाच गोष्टींचा पाठ तिला दिला होता. माझ्या वेळी तिने घरातला विळा बाहेर ठेवायला लावला आणि पाणी खळखळून उकळल्याशिवाय हात लावणार नाही म्हणून हटून बसली. माझी आजी त्यावर चिडली होती. थोरला भाऊ आणि मी, आई एकच, खोली एकच, सुईणही एकच. आमच्या दोघांत फरक पडला तो एवढाच.

आता एक गोष्ट लिहायला जड जाते, पण लिहिली नाही तर हा लेख खोटा ठरेल. बाळंतपणाच्या रात्री सुईणआजी आमच्या घरात अगदी आतवर आली. आईचे डोके तिने मांडीवर घेतले, मला पहिला स्पर्श तिचा झाला. दहा दिवस तेल-न्हाण, शेक-शेगडी तिनेच केली. अकराव्या दिवशी घर सारवून शुद्ध केले गेले आणि त्यानंतर तिची जागा पुन्हा अंगणात, पायरीखाली. एक लुगडे, खणनारळ आणि सुपातून दिलेले तांदूळ एवढी तिची बिदागी. तेही वरून ओतायचे, हाताला हात लागू न देता. मी शाळकरी असताना ती आली की पाणी वरून ओतण्याचे काम माझ्याकडे असे. ज्या हातांनी मला या जगात ओढून घेतले त्या ओंजळीत मी वरून पाणी ओतीत होतो आणि त्यात काही वावगे आहे असे मला वाटतही नव्हते.

आपल्या दुभाषिक मुलखात तिला मराठीत सुईण म्हणतात आणि कानडीत सूलगित्ती. आपली बाळंतीण तीच कानडीची बाणंती. भाषा वेगळ्या, खोली तीच, अंधार तोच आणि पायरीही बहुतेक ठिकाणी तीच. तुमकूर जिल्ह्यातल्या पावगड तालुक्यात नरसम्मा नावाची एक निरक्षर बाई सत्तर वर्षे बायकांची बाळंतपणे करीत होती, तीही एक पैसा न घेता. तिच्या हातून पंधरा हजारांहून अधिक मुले जन्मली असे सांगतात. लोकांनी 'सूलगित्ती' हा शब्दच तिच्या नावाला जोडून टाकला. २०१८ साली तिला पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात, नव्वदीच्या पुढच्या वयात, ती गेली. एका सूलगित्तीला राष्ट्रपती भवनात बोलावले गेले ही आनंदाची गोष्ट आहे. पण तिच्यासारख्या हजारोंची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत. आमच्या सुईणआजीचे खरे नाव काय होते, हे आज मलाही सांगता येत नाही.

०००

आता थोडे मागे जाऊ. महाराष्ट्रात या सेवेला सार्वजनिक रूप आले ते एका धाडसातून. १८६३ साली जोतीराव फुले यांनी पुण्यात आपल्या राहत्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. ज्या विधवांच्या पोटी मूल वाढत होते त्यांना त्या काळी वाट दोनच, आत्महत्या किंवा मूल मारणे. अशा बायकांनी गुपचूप यावे, सुरक्षित बाळंत व्हावे आणि मूल ठेवून जावे अथवा घेऊन जावे, अशी ही सोय. संस्था जोतीरावांच्या नावाने ओळखली गेली. पण त्या बायकांची बाळंतपणे आणि त्या बाळांचे संगोपन सावित्रीबाईंच्या हातून झाले. ज्यांना आपल्या घरच्यांनी टाकले त्यांची न्हाणी-धुणी या बाईने केली. त्यातल्याच एका विधवेचा मुलगा, यशवंत, फुले दांपत्याने दत्तक घेतला. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात आजाऱ्यांची सेवा करता करताच सावित्रीबाई गेल्या.

दुसरे नाव आनंदीबाई जोशी यांचे. पहिली भारतीय महिला डॉक्टर म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण त्या डॉक्टर का झाल्या, हे वर्गात क्वचितच सांगितले जाते. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. त्या दुःखातून शिकण्याचा निश्चय झाला. १८८३ साली त्या एकट्या अमेरिकेला गेल्या, १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली आणि प्रबंधाचा विषय निवडला तो आपल्याकडच्या प्रसूतिशास्त्राचा. आमच्या बेळगावपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात, म्हणजे आजच्या सी.पी.आर. मध्ये, स्त्रीविभागाची जागा त्यांच्यासाठी राखून ठेवलेली होती. ती जागा त्यांची वाटच पाहत राहिली. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नसताना, क्षयाने त्यांचा अंत झाला. माझ्या आईचे आठव्या दिवशी गेलेले मूल आणि आनंदीबाईंचे दहाव्या दिवशी गेलेले मूल यांच्यामध्ये जवळजवळ नव्वद वर्षे आहेत. एवढ्या काळात शहरातले वैद्यक कुठल्या कुठे गेले, पण आमच्या खोलीपर्यंत ते पोचले नव्हते.

ते पोचवायचे तर बायांनीच घराबाहेर पडले पाहिजे, हे ओळखले रमाबाई रानडे यांनी. १९०९ साली पुण्यात सेवासदनाचे काम सुरू झाले. गोपाळ कृष्ण देवधर त्यांच्या सोबतीला होते. ससून रुग्णालयाच्या साहाय्याने परिचारिका आणि सुइणी तयार करण्याचे काम सेवासदनाने हाती घेतले. वरच्या जातीतल्या मुलींनी, त्यातही विधवांनी, परपुरुषांच्या रुग्णालयात जावे, परक्या जातीच्या बाळंतिणीचे रक्त-पाणी काढावे, ही कल्पनाच तेव्हाच्या पुण्याला असह्य होती. नर्सिंग हे हलके काम मानले जाई. पण ज्या विधवेला घरात एका कोपऱ्याशिवाय जागा नव्हती, तिला या कामाने स्वतःच्या पायावर उभे केले. सेवा करता करता ती स्वतःही सावरली. आणि लक्षात घ्या, सेवासदनाने या मुलींना सेवेबरोबर पोट भरण्याची विद्याही दिली. सेवा आणि चरितार्थ यांत रमाबाईंना विरोध दिसला नव्हता. तो आपण पुढे निर्माण केला.

०००

स्वातंत्र्यानंतर दवाखाने वाढले, डॉक्टर वाढले. पण ते तालुक्याच्या गावी. १९७० साली, म्हणजे सुईणआजीने विळा घराबाहेर ठेवायला लावला त्याच वर्षी, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य परदेशातले शिक्षण संपवून तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेडला आले. आधी त्यांनी शिकलेल्या परिचारिकांना खेड्यांत पाठवून पाहिले. ते नीट जमेना. एकटी परकी मुलगी गावात राहणे अवघड आणि गावातल्या बायका तिच्याशी मन मोकळे करीत नसत. तेव्हा त्यांनी उलटा विचार केला. गावातलीच, गावाने निवडलेली बाई घ्यावी. तिला लिहिता-वाचता येत नसले तरी चालेल. अशा बाया पुढे आल्या त्यांत कितीतरी दलित होत्या, कितीतरी परित्यक्ता होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला जमायच्या. वेगवेगळ्या जातींच्या बायांनी एकत्र राहायचे, एका पंगतीला जेवायचे, एकमेकींच्या गावातल्या अडचणी ऐकायच्या आणि थोडे थोडे शिकून परत जायचे. गरोदर बाईची तपासणी, स्वच्छ बाळंतपण, जुलाब झालेल्या मुलाला साखर-मिठाचे पाणी, मुलांचे वजन, एवढ्या साध्या गोष्टींनी त्या गावांतली बालमृत्यूंची संख्या उतरू लागली. ज्या बाईला गाव पायरीखाली उभे करीत होते तिलाच आता गाव उंबऱ्याच्या आत बोलावू लागले. रोगाबरोबर तिथे आणखीही एक जुने दुखणे हटत होते. १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

दिवाळीच्या अंकात सांगावी अशी जामखेडची एक हकीकत आहे. १९८८ साली वॉशिंग्टनच्या एका परिषदेत जामखेडच्या गावकामगिरीतल्या मुक्ताबाई पोळ बोलायला उभ्या राहिल्या. सभागृहात मोठमोठी झुंबरे झळकत होती. डॉक्टर हे या झुंबरांसारखे सुंदर पण महाग आणि लांबचे आहेत, अशा आशयाचे त्या बोलल्या. मग पिशवीतून त्यांनी दोन साध्या पणत्या काढल्या, एक पेटवली आणि तिच्यावर दुसरी लावून दाखवली. पणती स्वस्त असते आणि तिच्यावर दुसरी पणती लागते, झुंबराला ते जमत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. मी ही गोष्ट दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी मुलांना सांगतो.

याच काळात दुसरीकडेही पणत्या लागत होत्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि नंतर कोसबाडला आदिवासींच्या अंगणातच मुलांची शाळा भरवली. 'अंगणवाडी' हा शब्द त्यांच्या कामातून आला आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजनेचे पहिले ३३ प्रकल्प देशभर सुरू झाले, तेव्हा तो सरकारी दप्तरात जाऊन बसला. आज बेळगावच्या कानडी गल्लीतही तो शब्द मराठीइतकाच सहज ऐकू येतो.

सरकारला ही कल्पना पटली, पण तिचा गाभा सरकारच्या हातून सुटला. २ ऑक्टोबर १९७७ रोजी जनता सरकारने हजार लोकवस्तीमागे एक जनस्वास्थ्य रक्षक नेमण्याची योजना आणली. मानधन महिन्याला पन्नास रुपये. जामखेडच्या धड्यातला पहिला शब्द 'बाई' हा होता. या योजनेत मात्र निवड झाली ती बहुतांशी पुरुषांची. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाला कोण जाऊ देणार? पुढे त्यांना 'आरोग्य मार्गदर्शक' म्हटले, 'स्वयंसेवक' म्हटले, नावे बदलली, पण योजना हळूहळू विरून गेली. १९७८ साली आल्मा-आटाच्या जागतिक परिषदेत 'सर्वांसाठी आरोग्य' ही घोषणा झाली, तीत जामखेडसारख्या प्रयोगांचा अनुभव होता. घोषणा जगभर गेली आणि गावातली बाई पुन्हा वाट पाहत बसली.

त्यानंतरचे मोठे पाऊल गडचिरोलीचे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथे गावातल्या बायांना आरोग्यदूत केले. जन्मल्याबरोबर बाळाचे वजन घेणे, त्याला उबेत ठेवणे, श्वास अडला तर घशातला चिकटा काढणे आणि जंतुसंसर्गाची लक्षणे दिसली तर प्रतिजैविकाचे इंजेक्शन देणे, हे सारे बाळाच्या घरी जाऊन. चार-पाच इयत्ता शिकलेली बाई तान्ह्या बाळाला सुई टोचणार, या कल्पनेने बालरोगतज्ज्ञ अस्वस्थ झाले. त्यांची काळजी खोटी म्हणता येणार नाही. पण दुसरा पर्याय कोणता होता? डॉक्टर येणार नव्हता आणि बाळ थांबणार नव्हते. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात या कामाचे निष्कर्ष आले. ३९ गावांत हे काम झाले होते आणि तुलनेच्या गावांपेक्षा तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते.

आपल्या बेळगावचेही यात एक पान आहे आणि ते आपल्याला फारसे ठाऊक नाही. बाळंतपणानंतर पिशवी आकुंचन पावली नाही तर रक्त वाहत राहते आणि तास-दोन तासांत बाई जाते. खेड्यात यावर द्यायचे इंजेक्शन थंड ठेवायची सोय नसे. मिसोप्रोस्टॉल नावाची साधी गोळी उपयोगी पडेल काय, याचा अभ्यास बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातल्या डॉक्टरांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर बेळगाव जिल्ह्याच्या खेड्यांत केला. १६२० बायांनी त्यात भाग घेतला. घरी किंवा उपकेंद्रात बाळंतपण करणाऱ्या ए.एन.एम. सिस्टरांनीच गोळ्या दिल्या. २००६ साली निष्कर्ष छापून आले. अतिरक्तस्राव १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आला होता. २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने या कामासाठी ती गोळी आवश्यक औषधांच्या यादीत घातली. जगातल्या कोणत्यातरी दूरच्या खेड्यात आज एखादी बाई त्या गोळीने वाचते, तिच्यामागे आपल्या जिल्ह्यातल्या सोळाशे वीस बाया उभ्या आहेत. त्यांत मराठी किती, कानडी किती, हे कोणी मोजल्याचे ऐकिवात नाही आणि मोजूही नये.

०००

आणि मग आल्या आशाताई. १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले. त्यात हजार वस्तीमागे गावातलीच एक बाई घ्यावी असे ठरले. यावेळी ती बाईच असावी हे स्पष्ट लिहिले गेले, हा जामखेडचा विजय. गडचिरोलीची घरभेटीची पद्धतही २०११ पासून आशांच्या कामात आली. दवाखान्यात बाळंतपण झाले तर तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा अशा सहा दिवशी तिने बाळाच्या घरी जायचे. घरी झाले तर पहिल्या दिवशीही. वजन, ताप, बेंबी, आईचे दूध, सारे पाहायचे आणि लिहायचे. सगळ्या भेटी पुऱ्या झाल्या की तेव्हा ठरलेला मोबदला २५० रुपये.

फळ काय मिळाले? २००१–०३ मध्ये देशात एक लाख जिवंत जन्मांमागे ३०१ माता दगावत होत्या. २०१८–२० मध्ये तो आकडा ९७ वर आला. कर्नाटकात ६९, महाराष्ट्रात ३३. हे केवळ आशांमुळे झाले असे मी म्हणणार नाही. रस्ते झाले, १०८ ची गाडी आली, मुली शिकल्या, लग्नाचे वय वाढले. पण रात्री दोन वाजता त्या गाडीला फोन करणारी आणि गाडीत बाळंतिणीशेजारी बसणारी बाई कोण, हे गावाला ठाऊक आहे. २०१५ साली मातांचा आणि नवजात बाळांचा धनुर्वात आपल्या देशातून हटल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. ती बातमी वर्तमानपत्रात आतल्या पानावर आली होती. मी ती आईला वाचून दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आता सटवाईला लिहावं लागेल म्हणायचं." एवढेच.

२०२२ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या आशांचा गौरव केला. त्यांची संख्या दहा लाखांवर. आपण टाळ्या वाजवल्या. २०२५ च्या जानेवारीत आमच्या राज्यातल्या आशा बंगळूरच्या फ्रीडम पार्कवर थंडीत बसल्या होत्या. त्यांची मागणी महिन्याला निश्चित रकमेची. माझी जुनी विद्यार्थिनीही त्यांत होती. तिने मुलीच्या हाती एक चिठ्ठी पाठवली होती, 'तीन दिवस घरी कोणी नाही, मुलीचा अभ्यास बघा.'

यावर आमच्या शिक्षकखोलीत चर्चा झाली. एक सहकारी म्हणाले, "सेवेचे मोल मागितले की तिची सेवा राहत नाही." बोलणारे सज्जन आहेत, त्यांच्या मनात आकस नाही. मीही पूर्वी असेच म्हटले असते. पण मी त्यांना विचारले, आपल्या पेशाला लोक पवित्र म्हणतात, विद्यादान म्हणतात. दर महिन्याला वेतन आयोगाप्रमाणे पगार घेतल्याने आपले दान विटाळले काय? निवृत्तिवेतनाची फाईल अडली तर आपण बंगळूरला खेपा घालतोच ना? ज्याला घरी दोन वेळचे आहे त्याने आपण होऊन दिलेला वेळ, ती स्वयंसेवा. तिचा मान मोठाच आहे. रमाबाईंनी, सावित्रीबाईंनी ती केली. पण जिच्याकडून सारे काम ठरवून, मोजून, कागद भरून घ्यायचे, जिने न जाऊन भागणार नाही अशा ठिकाणी तिला पाठवायचे आणि पैशाची वेळ आली की 'तू तर स्वयंसेविका' म्हणायचे, याला मी तरी सेवेचा मान म्हणणार नाही. हे सुपातून वरून तांदूळ ओतण्यासारखेच झाले.

इतिहासाच्या या प्रवासातून मला एक गोष्ट दिसली. आईला आणि बाळाला वाचवण्याची खरी विद्या फार गुंतागुंतीची कधीच नव्हती. उकळलेले पाणी, स्वच्छ ब्लेड, वेळेवर दिलेली लस, एक गोळी, एक वजनकाटा. अवघड होते ते हे सारे माजघरामागच्या त्या खोलीपर्यंत नेणारी बाई मिळणे. ती बाई प्रत्येक काळात मिळाली. विधवा होती, अस्पृश्य होती, निरक्षर होती, आज एस.एस.एल.सी. झालेली शेतकऱ्याची बायको आहे. शहाण्या डॉक्टरांचे मोठेपण हे की त्यांनी तिच्यावर विश्वास टाकला. समाजाचा उणेपणा हा की त्याने तिचे काम घेतले आणि तिचे नाव विचारले नाही.

०००

त्या दिवशी संध्याकाळी सारे गेल्यावर मी प्रवेशाचे रजिस्टर उघडले. आमच्या शाळेच्या जुन्या रजिस्टरांत आईच्या नावाला रकानाच नाही. वडिलांचे नाव, जात, गाव, धंदा, एवढेच. त्या पिवळ्या पानांवरची शेकडो मुले जणू आईवाचूनच जन्मली. नव्या रजिस्टरात रकाना आहे, पण खाली खाली जात पाहिले तर 'घरकाम', 'घरकाम', 'घरकाम'. त्यांतल्या दोघी अंगणवाडीत आहेत आणि एक ए.एन.एम. आहे, हे मला माहीत होते. ती नोंद आमच्याच कारकुनाने घाईने केलेली आणि खाली सही माझी.

मी तो बाजूला ठेवलेला अर्ज काढला. 'आईचा व्यवसाय' या रकान्यात लिहिले, 'आरोग्य कार्यकर्ती (आशा)'. खाली तेच कानडीतही लिहिले, कारण अर्जाची एक प्रत वर जाते आणि तिथे कानडीच वाचली जाते. मग त्या तिघींच्याही नोंदी लाल शाईने दुरुस्त करून बाजूला सही केली.

चार दिवसांनी ती मुलगी कार्यालयात आली. आईने विचारले आहे, रकाना भरला काय म्हणून. मी तिला रजिस्टर दाखवले. तिने बोटाने अक्षरे वाचली, आधी मराठी, मग कानडी, आणि "येतो सर" म्हणून वर्गाकडे पळाली.